किलवरची दश्शी

२० डिसेंबर १९६१, बुधवार

अखेर कटंगीहून पत्र आले. माझ्या तीन पत्रांना मिळून एक उत्तर, तेही पोस्टकार्डावर. ‘२४ला येतो. बड्या दिनाची सुटी १ तारखेपर्यंत आहे. तिला न्यायचे की नाही ते तिथे राहून पाहीन.’ खाली सही, गुणाकर. जावयाला पाकीट परवडत नाही अशातला भाग नाही. पोस्टमनपासून शेजारच्या दुर्गाबाईंपर्यंत सगळ्यांनी वाचावे म्हणूनच कार्ड.

प्रेमलता दिवाळीला आली ती आठ दिवसांसाठी. आज दीड महिना होत आला. लोक तोंडावर काही बोलत नाहीत, ‘पोरगी हाय वाटते अजून?’ एवढेच विचारतात. मी कोर्टात रीडर. बावीस वर्षे दुसऱ्यांच्या घरची भांडणे साहेबांपुढे वाचून दाखवतो आहे. आपल्या घरचे नाव त्या कागदांत येईल ही कल्पना मला सोसत नाही. खरे लिहायचे तर मी घाबरलो आहे. जेवण जात नाही.

एकच वाट दिसते. गुणाकरांना पत्त्यांचा भारी नाद. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मांडवात मेंढीकोट खेळलो होतो, मी त्यांना हरवले आणि ते दुपारी जेवले नाहीत. पुढचा डाव जिंकले तेव्हा दोघांचे जेवण एकटे जेवले. सुटीत आमच्या घरी पत्ते असतातच. तेव्हा आठ दिवस त्यांना जिंकू द्यायचे आणि खुशीत आले की मुलीचे बोलणे काढायचे. बालाघाटात मेंढीकोटात मला हरवणारा माणूस नाही, हे मी नाही सांगत, वकील मंडळी सांगतात. ज्याला जिंकता येते त्याला हरता आलेच पाहिजे.

२३ डिसेंबर, शनिवार

कोर्ट बंद झाले. बायकोला, कालिंदीला, बेत सांगितला. ती तांदूळ पाखडत होती.

“आधी तिले तर विचारा,” म्हणाली. “जायचं हाय का नाही ते.”

“त्यात विचारायचं काय? नवऱ्याचं घर हाय तिचं.”

“हाताले चटके हाय तिच्या. चार.”

“चूल म्हटली का चटका बसतेच.”

यावर ती सूप असे आपटू लागली की अर्धे तांदूळ अंगणात.

विचारणार नव्हतो असे नाही. मागे परसात गेलो. प्रेमलता विहिरीजवळ कपडे पिळत होती. मला पाहून उभी राहिली आणि बाह्या खाली ओढल्या. मी म्हणालो, “पत्ते कुठी ठेवले?” ती म्हणाली, “फळीवर हाय, बाबा.” मी परत आलो. लेकीला असले काही कसे विचारतात ते मला माहीत नाही.

सात वर्षांची होती तेव्हापासून ती माझी भिडू. गेलेली पाने मनात मोजायची, कोणाकडे काय उरले ते ओळखायचे, हे सगळे तिला मी शिकवले. घरचा नियम एकच: उतरलेले पान परत उचलायचे नाही. पाचवीत होती तेव्हा चुकून एक्का टाकून बसली. रडली, पण उचलला नाही. आता ती माझ्यासमोर बसणार नाही. लग्नानंतर नवरा-बायकोने एकमेकांचे भिडू व्हायचे, ही आमच्याकडची रीत. माझी भिडू कालिंदी, म्हणजे हरायला फारसे कष्ट पडू नयेत.

२५ डिसेंबर, सोमवार

जावई काल दुपारच्या बसने आले. आज सकाळी पुरी, बासुंदी. दुपारी ओसरीत उन्हाला सतरंजी टाकली. सगळीकडे गोव्याच्या बातम्या, तेव्हा बोलायला विषयही मिळाला. गणिताचे मास्तर असल्याने ते पाने झटकन हिशेबात घेतात. खेळताना सिगारेट लागते. प्रेमलता राखेसाठी वाटी आणते ती हात लांब करून ठेवते आणि मागे सरते. धूर सोसत नसावा.

ऊन चांगले कडकडीत होते तरी तिने स्वेटर काढला नाही. हिला लहानपणापासून थंडीच फार.

चार डाव झाले, चारही ते जिंकले. मी एका डावात हातात हुकुमाची राणी असून दुर्री टाकली. अंगावर काटा आला, पण टाकली. गुणाकर हसून म्हणाले, “मामाजी, हात गेला वाटते तुमचा.” मी म्हणालो, “वय झालं, जावईबुवा.” असे वाक्य माझ्या तोंडून निघेल असे वाटले नव्हते.

नवल कालिंदीचे. जन्मात कधी मन लावून खेळली नाही ती आज एकेक हात ओढून घेत होती. एकदा तर मी सोडलेली मेंढी तिने उचलली. मेंढी म्हणजे दश्शी. चार दश्श्यांसाठीच सगळा खेळ. डाव संपल्यावर आत जाऊन तिला म्हटले, “जरा हळू खेळ.” ती म्हणाली, “मले नाही येत हळू.”

२६ डिसेंबर, मंगळवार

आज दुर्गाबाई तिळाचे लाडू घेऊन आल्या. लाडू निमित्त, जावई पाहायला आल्या होत्या. डाव पाहत बसल्या आणि माझ्याकडे बोट दाखवून गुणाकरांना म्हणाल्या, “मास्तर, बंडोपंतांशी खेळता म्हणजे संभाळून. कोट बसवते तो माणूस.”

कोट म्हणजे चारही मेंढ्या एकाच बाजूला जाणे. ज्याच्यावर बसतो त्याने महिनाभर चारचौघांत पत्त्यांचे नाव काढू नये.

गुणाकर मोठ्याने हसले. “अपने ऊपर कोट? सवालच नाही. ज्या दिवशी माझ्यावर कोट बसंन ना, बाई, त्या दिवशी बायको इथंच सोडून एकटा बसमध्ये बसंन. लिहून ठेवा.”

सगळे हसले. मीही हसलो. प्रेमलता पाने पिसत होती, तिचा हात थांबला. गमतीत बोलले खरे, पण हा माणूस गमतीत बोललेलेही धरून बसणारा आहे. आता हरून भागणार नाही, चुकूनसुद्धा कोट बसता कामा नये. एक तरी मेंढी त्यांच्याकडे जायलाच हवी.

२८ डिसेंबर, गुरुवार

प्रेमलतेला झाले आहे तरी काय?

आज पहिल्याच डावात गुणाकरांनी राजा उतरला. एक्का गेलेला, हात त्यांचाच. आणि ही त्यावर हुकूम मारून मोकळी! आपल्याच भिडूच्या हातावर हुकूम कोणी वाया घालवते? पुढे हुकूम नाही म्हणून बदामची दश्शी कालिंदीकडे आली. दुसऱ्या डावात माझ्या राणीखाली हिने सरळ इस्पिकची दश्शी घातली, जवळ सत्ती असताना. मी जिवाचे रान करून हरतो आहे आणि ही पोर माझे केले-सवरले धुळीला मिळवते आहे.

गुणाकर रागावले नाहीत, एवढे बरे. पत्त्यांचा गठ्ठा उभा धरून त्याच्या कडेने तिच्या बोटांच्या पेरांवर टकटक केले, दोन-तीनदा, आणि हसत म्हणाले, “घरी शिकवा लागंन तुले.” तिचे ओठ पांढरे झाले. कालिंदी उठून आत गेली, डाव अर्धा टाकून.

ते पान खायला चौकात गेले तेव्हा मी प्रेमलतेला धारेवर धरले. “हेच शिकवलं का तुले मी? लक्ष कुठी हाय तुझं?”

ती माझ्याकडे बघत राहिली. “तुम्हीच तर शिकवलं, बाबा.”

“मंग काहून असं खेळून राह्यली?”

तिने तोंड उघडले, तेवढ्यात फाटक वाजले. ती आत गेली. उद्धट झाली आहे पोर, लग्नाआधी अशी नव्हती. चूक थोडी तिचीही असणार, असे पहिल्यांदाच मनात आले. ते लिहितानाही वाईट वाटते.

२९ डिसेंबर, शुक्रवार

आज थोडक्यात वाचलो. तीन मेंढ्या आमच्याकडे आलेल्या. चौथी, चौकटची, गुणाकरांनी नाइलाजाने टाकली आणि माझ्या हातात चौकटचा एक्का. मी तिर्री टाकली. कालिंदीने माझ्याकडे असे पाहिले की मी मान वर केली नाही. एक्का माझ्यापाशी आहे हे तिला कळले होते. प्रेमलतेलाही कळले असणार, ती मोजते.

पण फळ मिळाले. संध्याकाळी चहा घेताना गुणाकर आपण होऊन म्हणाले, “नेतो मामाजी हिले. सोमवारी सकाळची बस.” मी त्यांचे हात धरले. डोळ्यांत पाणी आले, लपवता आले नाही. तसाच उठून मारुतीला नारळ फोडून आलो. दीड महिन्यात आज पहिल्यांदा दोन घास पोटात गेले.

कालिंदी जेवली नाही.

हात धुवायला गेलो तर प्रेमलता मोरीपाशी उभी. म्हणाली, “अजून दोन दिवस खेळू ना, बाबा?” म्हटले, “खेळू ना.” खेळात रमली म्हणायची. आनंद वाटला.

३० डिसेंबर, शनिवार

हे कसे लिहावे कळत नाही. तरी लिहितो.

सकाळी गुणाकर नदीवर फिरायला गेले होते. आठवड्यातले डाव कागदावर मांडत बसलो, मला ही खोड आहे. म्हटले जाण्याआधी प्रेमलतेला तिच्या चुका दाखवाव्या, म्हणजे सासरी नवऱ्याकडून बोलणी नकोत. एकूण अकरा चुका निघाल्या. मांडता मांडता हात थांबला. ज्या हातात मेंढी नव्हती, त्या हातात तिची एकही चूक नाही. ज्या डावात त्यांच्याकडे आधीच एक मेंढी गेली होती, त्यातही नाही. अकराच्या अकरा चुका तिथेच, जिथे मेंढी त्यांच्याकडे जाणार होती.

कोर्टात साक्षीदार अडखळला तर समजते की बिचारा विसरला. तो ठरावीक प्रश्नालाच अडखळतो तेव्हा साहेब लेखणी खाली ठेवतात. बावीस वर्षे हे पाहिले आणि घरात दिसले नाही.

पोर चुकत नव्हती. ती हरत होती. मी एका बाजूने आणि ती दुसऱ्या बाजूने. तिला कोट बसायला हवा होता. आणि काल तो मी माझ्या हाताने मोडला, एक्का दाबून.

पहिल्यांदा रागच आला. स्वयंपाकघरात गेलो आणि कालिंदीला म्हटले, “पोरगी मुद्दाम करून राह्यली. सगळ्यांच्या तोंडाले काळं फासते काय?”

कालिंदी चुलीपुढून उठली. माझा दंड धरला, पंचवीस वर्षांत असा धरला नव्हता, आणि मागच्या दाराशी नेऊन उभे केले. विहिरीवर प्रेमलता बादली ओढत होती. घरात तो नव्हता, म्हणून स्वेटर काढून ठेवलेला. कोपरापासून वर, आतल्या बाजूला, काळे डाग. चार नव्हते. मी मोजले, मला मोजायची सवय आहे. चार जुने, आणि एक लाल, ताजा. सगळे गोल, सारखे, बोटाच्या टोकाएवढे.

चुलीचा चटका गोल नसतो.

“तो इथं आल्यावरचा हाय एक,” कालिंदी म्हणाली. “तुमच्या घरात. तुम्ही मारुतीले गेलते तेव्हा.”

मी तिथेच पायरीवर बसलो. नारळाचा तुकडा देवापुढे तसाच होता, मुंग्या लागल्या होत्या. दुपारी डोके दुखते म्हणून खेळलो नाही. जावई समोर बसून जेवले आणि मी त्यांना पोळी वाढली. माझ्या हातांनी वाढली. काय करावे ते कळत नाही. पोलीस, कोर्ट, लोक, त्याचे चार भाऊ. मी शूर माणूस नाही. घरातून जा म्हणायला जी जीभ लागते ती मला नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे अजूनही मनात येते की खरेच तिला इथे राहायचे आहे का, की मीच डागांवरून आणि पानांवरून गोष्ट रचतो आहे. विचारले पाहिजे. आणि उद्या शेवटचा दिवस.

३१ डिसेंबर, रविवार

दोनदा तिच्यापाशी गेलो. एकदा विचारले मीठ कुठे आहे. एकदा काहीच विचारले नाही.

दुपारी गुणाकर म्हणाले, “चला मामाजी, जाता जाता चार हात.” बसलो. एका बाजूला तो, समोर कालिंदी, दुसऱ्या बाजूला प्रेमलता. सवयीप्रमाणे कालिंदीला खूण करणार होतो की सांभाळून, आणि केली नाही. तिने माझ्या तोंडाकडे पाहिले, पदर खोचला आणि पाने उचलली.

पहिल्या दोन डावांत पानेच धड आली नाहीत. तिसऱ्यात पाने चांगली होती. मी खेळलो. किती दिवसांनी खेळलो! एक मेंढी मी घेतली, दोन कालिंदीने. गुणाकरांचे हसणे बंद झाले, सिगारेट वाटीत तशीच जळत राहिली.

शेवटचे दोन हात उरले. चौथी मेंढी, किलवरची दश्शी, अजून आली नव्हती. मला ठाऊक होते ती कुठे आहे. प्रेमलतेच्या हातात दोन पाने, किलवरची दश्शी आणि छक्की. गुणाकरांकडे किलवरची नव्वी आणि हुकुमाची राणी. माझ्याकडे किलवरचा राजा आणि चौकटची एक तिर्री. मी राजा उतरला आणि तिने छक्की टाकली, तर शेवटच्या हाताला त्यांचा हुकूम येतो, दश्शी त्यांच्याकडे जाते, कोट टळतो. अगदी लहान पोरही छक्कीच टाकेल. आणि ज्याला कोट हवा, तो दश्शी टाकेल.

आठ दिवस जे तोंडाने विचारता आले नाही ते मी असे विचारले. किलवरचा राजा तिच्यासमोर ठेवला आणि तिच्याकडे पाहिले. बाप म्हणून मला हीच एक भाषा येते, त्याची लाज वाटते, पण खोटे कशाला लिहू.

गुणाकरांनी नव्वी टाकली. कालिंदीने तिचे पान टाकले. प्रेमलतेने माझ्याकडे पाहिले. तिला कळले की मला कळले आहे. तिने पान अलगद, नीट माझ्या राजावर ठेवले.

किलवरची दश्शी.

गुणाकर तिच्या हातातल्या पानात डोकावले. “छक्की हाय ना तुझ्यापाशी? उचल ते. उचल म्हणतो.”

ती हलली नाही.

“उतरलेलं पान परत उचलत नाही आमच्या घरी,” मी म्हणालो.

“मी तिले म्हणून राह्यलो, मामाजी. तुमाले नाही.” त्यांनी तिचे मनगट धरले.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. म्हणालो, “मास्तर, कोट बसला तुमच्यावर. तुम्ही दुर्गाबाईले काय म्हटलं होतं ते मी लिहून ठेवलं हाय. तारखेसकट.”

हे खरेच आहे, याच वहीत आहे. त्यांनी मनगट सोडले, पाने भिंतीवर फेकली आणि आत जाऊन दार लावले. प्रेमलता एकेक पान गोळा करू लागली. मीही वाकून तिच्यासोबत पाने वेचली. रात्री कालिंदी तिला आपल्याजवळ घेऊन झोपणार आहे. मी ओसरीत, खोलीच्या दारासमोर खाट टाकली आहे.

१ जानेवारी १९६२, सोमवार

ते सकाळच्या बसने गेले. एकटे.

फाटकापाशी थांबून म्हणाले, “लिहून द्या. तुम्हीच ठेवून घेतली म्हणून. उद्या माझ्यावर नाही आलं पाह्यजे.” बावीस वर्षांत हजार कागद लिहिले असतील, हा लिहिताना दौत सांडली. ‘माझी मुलगी सौ. प्रेमलता हिला मी माझ्या मर्जीने माझ्या घरी ठेवून घेत आहे.’ प्रेमलता मागे उभी होती. म्हणाली, “बाबा, तुमच्या मर्जीनं नका लिहू. माझ्या लिहा.” मी खोडून तसे लिहिले आणि खाली सही तिला करायला सांगितली.

दुर्गाबाई फाटकाशी सगळा वेळ उभ्याच होत्या. बस गेल्यावर म्हणाल्या, “मंग, पोरगी राह्यली वाटते?” मी म्हणालो, “हौ. राह्यली.” एवढेच बोललो. उद्या कोर्ट उघडेल, तिथेही विचारतील. त्याचे भाऊ येतील, कदाचित समन्सही. पुढे तिचे काय, मी किती दिवस आहे?

तिची क्षमा मागावी असे सकाळपासून मनात आहे. दोनदा तोंड उघडले. एकदा मिठाचेच विचारून आलो.

दुपारी ओसरीत ऊन आले तशी तिने आपण होऊन सतरंजी टाकली. स्वेटर नव्हता. “तिघांत मेंढीकोट होत नाही,” मी म्हणालो. “पाच-तीन-दोन होते ना,” ती म्हणाली आणि छक्कीपर्यंतची लहान पाने आणि दोन सत्त्या बाजूला काढू लागली. कालिंदी भाजी टाकून बाहेर आली.

मी मनापासून खेळलो, काही दाबले नाही, काही सोडले नाही. माझे पाच हात व्हायला हवे होते, तीनच झाले. दोन तिच्याकडे जास्त गेले. नियमाप्रमाणे पुढच्या डावात तिने माझ्या हातातली दोन पाने न पाहता ओढायची. पहिलाच बदामचा एक्का निघाला. तो धरून ती हसली, आणि हसता हसता पदर तोंडाला लावून रडू लागली, आणि पान मात्र हातात घट्ट.

आठ दिवस हरायला शिकत होतो. आज खराच हरलो.